जुन्या संगणकांची कुलुपे

संगणकाला कुलूप लावण्याची गरज प्रथम भासली, तेव्हा संगणक कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली 'कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम' ही प्रणाली आकारास आली. मध्यभागी एकच अवाढव्य यंत्र आणि त्याला जोडलेल्या टंकयंत्रांवर बसून एकाच वेळी काम करणारी अनेक माणसे, अशी तिची रचना होती. सर्वांची टिपणे त्याच यंत्रात साठत. ज्याची टिपणे त्यालाच दिसावीत आणि ज्याला जेवढे तास नेमून दिले तेवढेच त्याने वापरावेत, यासाठी प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला. पुढे 'पासवर्ड' या नावाने घरोघरी पोहोचलेल्या या युक्तीचा संगणकावरील आरंभ सामान्यतः येथूनच मानला जातो.

या कुलपाला पहिली बगल मिळाली ती अवघ्या वर्षभरात. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास मिळत असत. त्याच्या कामाला ते पुरेनात. कोणतीही फाइल छापून हवी असल्यास तिचे नाव छिद्रपत्रावर लिहून छपाईसाठी द्यावयाचे, अशी तेथील रीत होती. १९६२ मध्ये शेरने एका शुक्रवारी परवलीच्या शब्दांची यादी ज्या फाइलमध्ये होती तिचेच नाव छिद्रपत्रावर दिले आणि शनिवारी सकाळी जाऊन छापील यादी उचलून आणली. इतरांच्या शब्दांनी प्रवेश करून त्याने आपले तास वाढवून घेतले. ही गोष्ट त्याने कॉर्बाटो यांना सांगितली ती सुमारे २५ वर्षांनंतर. येथे कुलूप कुणी फोडलेच नव्हते. दाराला कुलूप होते, पण छपाईच्या खिडकीचा विचार कुणी केलेला नव्हता.

१९६६ साली तर चोरावाचूनच तिजोरी उघडी पडली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करीत होते. एकाकडे परवलीच्या शब्दांची फाइल होती, तर दुसऱ्याकडे प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला दाखवावयाचा दिवसाचा संदेश. प्रणालीने दोघांच्या तात्पुरत्या प्रतींना एकच नाव दिले, त्यामुळे फायलींची अदलाबदल झाली आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या टंकयंत्रावर सर्वांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले. कॉर्बाटो यांनी हा प्रसंग पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात स्वतःच सांगितला.

या दोन्ही घटनांचे मूळ एकच होते. परवलीचे शब्द जसेच्या तसे साठवलेले होते. त्यावरील उपाय रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सविस्तर मांडला. शब्द साठवावयाचाच नाही. त्याच्यावर उलट न फिरवता येणारी गणिती क्रिया करून केवळ तिचे फलित साठवावयाचे. गव्हाचे पीठ करता येते, पिठाचा गहू करता येत नाही, तसे हे. माणूस पुन्हा आला की त्याने दिलेला शब्द पुन्हा दळावा आणि दोन पिठे ताडून पाहावीत. दोन माणसांनी एकच शब्द निवडला तरी पीठ निराळे दिसावे, म्हणून दळताना प्रत्येकात वेगळा यादृच्छिक अंश मिसळण्याची योजनाही त्यांनी केली. त्या अंशाला त्यांनी 'मीठ' असेच नाव दिले. याच निबंधात त्यांनी ३,२८९ परवलीच्या शब्दांची पाहणी नोंदवली आहे. त्यांतील ८६ टक्के शब्द अगदी आखूड तरी होते किंवा शब्दकोशात व नावांच्या यादीत सापडण्यासारखे होते. गणित कितीही पक्के असले, तरी माणसाने निवडलेला शब्द कच्चा असू शकतो, हे त्या आकड्याने दाखवून दिले.

वैयक्तिक संगणक जन्माला आला तेव्हा हे सारे ज्ञान उपलब्ध होते. तरीही १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने बाजारात आणलेल्या संगणकाला परवलीचा शब्द नव्हता. त्यामागील विचार सरळ होता. यंत्र एका माणसाचे; ज्याचे यंत्र त्याच्याच मेजावर; मग कुलूप कुणाविरुद्ध लावावयाचे? बहुतेकांचे काम फ्लॉपी चकत्यांवर साठत असे. काम संपले की चकती काढून कपाटात ठेवली, म्हणजे संगणकात मागे काहीच उरत नसे. कपाटाचे कुलूप हेच संगणकाचे कुलूप होते.

भारतातील शाळांचा संगणकाशी परिचय झाला तोही अशाच बिनकुलपी यंत्रांनी. केंद्र शासनाच्या 'क्लास' प्रकल्पाखाली १९८४-८५ पासून निवडक शाळांना केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने घडवलेले बीबीसी मायक्रो संगणक मिळू लागले. बटण दाबताच पडद्यावर बेसिक भाषेचे चिन्ह उमटे आणि बटण बंद करताच विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली नाहीशी होई. यंत्राला परवलीचा शब्द नव्हता, पण खोलीला होता. अनेक शाळांतून चपला बाहेर काढून, रांगेने आणि शिक्षकांच्या पाठोपाठच त्या खोलीत जाता येई. यंत्रांवर कापडी आच्छादने असत आणि किल्ली शिक्षकांच्या ताब्यात असे. त्या काळच्या विद्यार्थ्यांना संगणकाआधी संगणकाच्या खोलीचा दरारा कळला.

हे चित्र बदलले ते हार्ड डिस्कमुळे. काम चकतीवर न राहता यंत्राच्या पोटात राहू लागले आणि एकच यंत्र अनेकांनी वापरण्याची वेळ कार्यालयांत व शाळांत आली. वैयक्तिक म्हणून घडवलेल्या यंत्राला सार्वजनिक व्हावे लागले आणि त्याच्या कुलपांचा इतिहास येथून सुरू झाला.

पहिले कुलूप खरोखरीचे होते. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या एटी संगणकाच्या दर्शनी बाजूला किल्लीचे छिद्र होते. किल्ली फिरवली की कळफलक काम करीत नसे. १९८७ च्या पीएस/२ मालिकेत यंत्र सुरू होतानाच परवलीचा शब्द विचारण्याची सोय आली आणि पुढे बहुतेक उत्पादकांनी ती उचलली. परंतु हा शब्द संगणकाच्या मुख्य पट्टीवरील ज्या लहानशा स्मृतीत राही, ती एका बॅटरीवर जगत असे. पेटी उघडून बॅटरी काही काळ काढली, की अनेक यंत्रांतील ती स्मृती पुसली जाई आणि तिच्याबरोबर परवलीचा शब्दही. शब्द विसरणाऱ्या ग्राहकांचा विचार करून काही उत्पादकांनी तर स्वतःच एक सर्वसाधारण शब्द यंत्रात आधीपासून पेरून ठेवला होता. मालकाच्या सोयीसाठी ठेवलेला चोरदरवाजा गुप्त राहिला तरच उपयोगाचा. हे शब्द मात्र हळूहळू सर्वतोमुखी झाले आणि त्या कुलपांचा अर्थच संपला.

दुसरी तऱ्हा होती सुरक्षा आज्ञावल्यांची. १९८० च्या दशकाअखेरीस आणि १९९० च्या दशकात शाळा, ग्रंथालये आणि कार्यालये यांसाठी अशा अनेक आज्ञावल्या विकल्या गेल्या. ठरावीक फायली लपवणे, आज्ञा देण्याची मुभा काढून घेणे, मांडणी बदलू न देणे, ही त्यांची कामे. त्यांचा कच्चा दुवा समजून घेण्यासाठी संगणक जागा कसा होतो हे पाहावे लागते. बटण दाबल्यावर प्रथम मुख्य पट्टीवरील मूळ आज्ञावली चालते. ती चकती किंवा हार्ड डिस्क यांतून कार्यप्रणाली शोधून काढते. कार्यप्रणाली उभी राहिली की तिच्या आरंभीच्या फायलींत लिहिलेल्या सूचना क्रमाने पाळल्या जातात. सुरक्षा आज्ञावलीला हाक मिळे ती अनेकदा या शेवटच्या टप्प्यात. पहारेकरी वाड्यात यायचा, तोवर वाड्याची सारी दारे उघडून झालेली असत.

त्यामुळे पहारेकऱ्याशी झुंजण्याचे कारणच नव्हते. तो येण्याआधी आत जाणे पुरेसे होते. दुसऱ्या फ्लॉपीवरील कार्यप्रणालीने यंत्र सुरू केले, की हार्ड डिस्कवरील पहारेकऱ्याला हाकच जात नसे. १९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉसच्या सहाव्या आवृत्तीत तर सुरू होताना एफ-५ ही कळ दाबली की आरंभीच्या दोन्ही सूचना-फायली ओलांडल्या जात. ही सोय बिघडलेले यंत्र दुरुस्त करणाऱ्यांसाठी होती. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकांवर १९९१ च्या सिस्टिम सात पासून शिफ्टची कळ दाबून ठेवली असता सारी पूरक अंगे वगळून यंत्र उभे राहत असे आणि कित्येक सुरक्षा आज्ञावल्या अशी पूरक अंगेच असत. मायक्रोसॉफ्टने एफ-५ निष्प्रभ करणारी सूचना उपलब्ध करून दिली आणि फ्लॉपीवरून सुरू होण्यास मनाई करण्याची सोय मूळ आज्ञावलीत आली. तिला परवलीच्या शब्दाचे संरक्षण होते. तो शब्द मात्र पुन्हा त्या बॅटरीवर जगत होता.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने घराघरांत संगणक नेला आणि एका गैरसमजालाही जन्म दिला. यंत्र सुरू होताच नाव व परवलीचा शब्द विचारणारी चौकट समोर येई. ती पाहून यंत्र सुरक्षित आहे असे लाखो लोकांना वाटले. वास्तविक ती चौकट जाळ्यावरील प्रवेशाची आणि प्रत्येकाची स्वतंत्र मांडणी ओळखण्याची होती. चौकटीतील 'रद्द' हे बटण दाबले की घरगुती यंत्र निमूटपणे उघडत असे. ती पाटी होती, कुलूप नव्हतेच. मायक्रोसॉफ्टचे खरे कुलूप १९९३ पासूनच्या विंडोज एनटी या प्रणालीत होते. तिच्यात प्रत्येक फाइलीवर कुणाचा किती अधिकार आहे याची नोंद राही आणि परवलीचे शब्द दळूनच साठवले जात.

पण तेथेही जुन्या काळाने नव्याचा पाय धरला. आधीच्या लॅन मॅनेजर प्रणालीशी मेळ राहावा म्हणून एनटीने शब्द दळण्याची जुनी पद्धतही सांभाळली होती. त्या पद्धतीत सारी अक्षरे मोठ्या लिपीत बदलली जात, १४ पेक्षा अधिक अक्षरे विचारात घेतली जात नसत आणि त्या १४ अक्षरांचे सात-सातचे दोन तुकडे वेगवेगळे दळले जात. चौदा अक्षरांचे कुलूप असे वाटे. प्रत्यक्षात सात अक्षरांची दोन स्वतंत्र कुलुपे असत. मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये सुचवलेले मीठही त्यात नव्हते. बॉस्टनमधील 'लॉफ्ट' या गटाने १९९७ मध्ये ही उणीव दाखवणारे साधन प्रसिद्ध केले. त्याआधी १९९६ मध्ये मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी एनटीची डिस्क डॉसमधून वाचता येईल असा दुवा तयार केला होता. डॉसला एनटीच्या अधिकारनोंदी ठाऊक नसल्याने त्या तेथे कुचकामी ठरत. अधिकारांची नोंदवही पाळणारा कारकून जोवर जागेवर आहे, तोवरच नोंदवहीला अर्थ असतो.

या साऱ्या अनुभवांतून एक निष्कर्ष हळूहळू सर्वमान्य झाला. ज्याच्या हाती यंत्र आहे, त्याला केवळ दारावरील पहाऱ्याने अडवता येत नाही. आतील मजकूरच कूट करून ठेवावा लागतो. अ‍ॅपलने २००३ मध्ये फाइलव्हॉल्ट आणि मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर बिटलॉकर आणून हा मार्ग वैयक्तिक संगणकावर रुळवला. आता डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी हाती अर्थहीन अक्षरेच लागत. तरी २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की वीज तोडल्यावरही संगणकाची चालू स्मृती काही सेकंद ते काही मिनिटे टिकते, थंड केल्यास अधिक टिकते आणि तेवढ्या अवकाशात तिच्यातून कुटाची किल्ली वाचता येते. कुलूप दर पिढीत सुधारले, पण शेवटचे कुलूप कोणी घडवले नाही.

या इतिहासात वारंवार दिसणारी माणसे कोण होती, हा प्रश्न शाळेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्यांत विद्यार्थी आणि तरुण फार आहेत. १९८३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरातील काही तरुणांनी घरगुती संगणक व दूरध्वनी यांच्या साहाय्याने लॉस अलामोस प्रयोगशाळेसह अनेक संस्थांच्या यंत्रांत प्रवेश केला. बऱ्याच ठिकाणी उत्पादकाने दिलेला मूळ परवलीचा शब्द कुणी बदललेलाच नव्हता. त्याच वर्षीच्या 'वॉरगेम्स' या चित्रपटातील विद्यार्थी शाळेच्या कार्यालयात कागदावर लिहून ठेवलेला परवलीचा शब्द वाचून आपले गुण बदलतो. १९८८ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या आज्ञावलीने हजारो यंत्रे ठप्प केली. तिने वापरलेल्या उपायांपैकी एक होता ४३२ सामान्य शब्द परवलीचे म्हणून लावून पाहण्याचा. ज्या मॉरिस यांनी १९७९ मध्ये कच्च्या शब्दांविषयी जगाला सावध केले, त्यांचाच हा मुलगा. न्यायालयाने त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा दिली, तुरुंगवास दिला नाही. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

कायदाही या घटनांच्या मागोमाग आला. ब्रिटनमध्ये प्रेस्टेल सेवेत शिरून राजपुत्र फिलिप यांच्या टपालपेटीपर्यंत पोहोचलेल्या रॉबर्ट शिफ्रीन आणि स्टीव्ह गोल्ड यांना १९८८ मध्ये सर्वोच्च पातळीवर निर्दोष ठरवावे लागले, कारण बनावट दस्तऐवजांचा कायदा त्यांच्या कृत्याला लागू पडेना. त्यातून १९९० चा संगणक दुरुपयोग कायदा झाला. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. २००८ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम ६६ नुसार अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलेल्या अनधिकृत प्रवेशास तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्याचा परवलीचा शब्द अशा हेतूने वापरणे हा कलम ६६ क नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. गंमत म्हणून केलेल्या कृत्यालाही परिणाम असतात, ही जाणीव विद्यार्थ्याला संगणकाच्या पहिल्या धड्याबरोबरच मिळावयास हवी.

मात्र कायदा हेतू विचारतो, ही गोष्टही तितकीच ध्यानात घेण्याजोगी आहे. उणीव शोधणारा आणि उणिवेचा लाभ घेणारा हे दोघे एकच नव्हेत, हा वाद संगणकाहून जुना आहे. लंडनमधील ब्रामा यांच्या दुकानात एक कुलूप मांडलेले असे आणि ते उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केलेले होते. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ५१ तासांच्या परिश्रमाने ते उघडले. अशा उणिवा उघड केल्याने चोरांचे फावेल, असा आक्षेप त्यावर आला. चोरांना आपली विद्या आधीच येत असते, अज्ञानात राहतो तो प्रामाणिक ग्राहक, असे हॉब्ज यांच्या बाजूचे उत्तर होते. पुढील काळात कुलपे सुधारली, ती या उत्तराने.

मराठी मनाला हा विचार परका वाटू नये. हिरकणीची आख्यायिका तान्ह्या बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरणाऱ्या गवळणीची म्हणून सांगितली जाते. तिची दुसरीही एक बाजू आहे. सूर्यास्ताबरोबर गडाचे दरवाजे बंद झाले होते आणि नियमाप्रमाणे ते उघडले गेले नाहीत. पहारा चोख होता. पण तो दरवाजांवर होता. कडा कुणी उतरेल ही कल्पनाच कुणी केली नव्हती. आख्यायिका सांगते, की महाराजांनी तिला दंड केला नाही. तिचा सन्मान केला आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधला. माणसाचा मान राखणे आणि भिंतीतील फट बुजवणे, ही दोन्ही कामे तेथे एकाच वेळी झाली.

शाळेच्या संगणककक्षात असे प्रसंग लहान प्रमाणात घडतच असतात. एखाद्या विद्यार्थ्याला बंद केलेली फाइल उघडी सापडते, एखादीला शिक्षकांचा परवलीचा शब्द सहज कळतो. त्या क्षणी त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. गुपचूप तेथून आत जात राहावे, किंवा शिक्षकांना जाऊन सांगावे. दुसरी वाट मुलाने धरावी असे वाटत असेल, तर सांगणाऱ्याला रागावणे मिळणार नाही ही खात्री त्याला आधी मिळालेली असली पाहिजे. अ‍ॅलन शेरला ती २५ वर्षे मिळाली नव्हती. आणि सांगितल्यावर फट बुजवली गेली पाहिजे, शब्द बदलला गेला पाहिजे, ही जबाबदारी मोठ्यांची आहे. सांगूनही काही बदलत नाही असा अनुभव आला, तर पुढचे मूल सांगण्याचे कष्ट घेणार नाही.

फ्लॉपी चकत्या आज दिसत नाहीत आणि एफ-५ च्या कळेची ती जादूही उरलेली नाही. जुन्या यंत्रांबरोबर त्यांची कुलुपेही भंगारात गेली. आज शाळांची हजेरी, गुण आणि मुलांची व्यक्तिगत माहिती मात्र संगणकांतच राहते. तिचे रक्षण कूटलेखनाने होईल, नियमाने होईल आणि कायद्यानेही होईल. त्याबरोबरच, फट दिसताच ती दाखवून देणारा विद्यार्थी आणि त्याचे म्हणणे बसून ऐकून घेणारा शिक्षक, या दोघांचीही तेथे गरज लागणार आहे.